चाळीस पावलांवरच्या येसाजीदादांना

तीर्थस्वरूप येसाजीदादा यांस,

धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे दत्तात्रेयचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. आपल्या दोघांच्या ओट्यांमध्ये चाळीस पावलं आहेत आणि एवढ्या अंतरासाठी कोणी पत्र लिहीत नाही, हे मला कळतं. पण गेल्या वर्षीच्या नवरात्रापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही आणि मी ओट्यावर आलो की तुम्ही आत जाता, तेव्हा कागदाशिवाय इलाज उरला नाही. (पोस्टात टाकलं असतं तर ते अलिबाग बघून चार दिवसांनी परत आलं असतं. म्हणून सोनाबाईच्या हाती पाठवतोय. बायको माझी असली तरी आपल्या भांडणात ती तुमच्या बाजूने आहे.) तब्येत विचारायची रीत आहे म्हणून विचारतो, एरवी तुमची तब्येत मला इथे बसून ऐकू येते. काल पहाटे तीनदा खोकलात, त्यातला मधला कोरडा होता. पायरी उतरताना वाजणारा गुडघा मात्र आता वाजत नाही, तेल लागू पडलेलं दिसतं. वहिनींच्या मिक्सरचं बेअरिंग गेलंय, महिन्याभरात बंद पडेल, आताच दाखवून घ्या.

तोंडावर अरेतुरे करणारा मी कागदावर तुम्ही-आम्ही करतोय याचं तुम्हाला हसू येईल. पण मी शिकलेला माणूस आहे हे कुठेतरी दिसायला नको का? गावात तर अजून निम्म्या लोकांना वाटतं की दत्तू मुंबईत फर्निचरच्या धंद्यात होता. तुम्हाला खरं माहीत आहे. मिठागरावरच्या पंपाचा पट्टा कधी तुटणार हे मी आवाजावरून दोन दिवस आधी सांगायचो, तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, "याचे कान मुंबईला पाठवा, इथं वाया जातायत." कानांबरोबर मलाही जावं लागलं. सतराव्या वर्षी पियानो दुरुस्तीच्या दुकानात झाडू मारायला लागलो, दोन वर्षांत तारा जुळवायला लागलो, आणि एका म्हाताऱ्या शिक्षिकाबाईंचा पियानो फुकट जुळवून देण्याच्या बदल्यात वाजवायला शिकलो. पहिल्या परीक्षेला बसलो तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा आणि बाकावर शेजारी बसलेला परीक्षार्थी नऊ वर्षांचा. त्याच्या आईने मला प्रेमाने विचारलं, "तुमचा मुलगा आत गेला का?" (त्या पोराला माझ्यापेक्षा दोन मार्क जास्त पडले. अजून सलतात.) पुढे सव्वीस वर्षं उंच उंच इमारतींतल्या मुलांना शिकवलं आणि संध्याकाळी एका मोठ्या हॉटेलात बाखचं संगीत वाजवलं. तिथे एकोणीस वर्षांत एकदाच टाळ्या पडल्या, त्याही वेटरने पडता ट्रे झेलला म्हणून. झाली माझी कारकीर्द.

मग हात थकले, पियानो घेऊन गावी आलो. तो मांडव्याला रो-रो बोटीतून उतरला तेव्हा न्यायला तुमचाच टेम्पो आला होता आणि उचलायला तुमच्या बेंजो पार्टीची आठ माणसं, हे मी विसरलेलो नाही. तुमच्या ताशेवाल्या धर्माने पियानोचं झाकण उघडून आत वाकून बघितलं आणि विचारलं, "काका, यात म्हावरा किती राहील?" मी म्हटलं, यात मासळी ठेवत नाहीत. "मंग एवढा जड कशाला?" या प्रश्नाचं उत्तर मला आजपर्यंत सापडलेलं नाही. एवढे उपकार घेऊन वर मी काय केलं, तर नवरात्रात स्टेजवर मानाचा नारळ द्यायला बोलावलं असताना शेजारच्याच्या कानात हळूच सांगितलं, की येसाजीदादाचा ट्रम्पेट कीबोर्डच्या सुराहून जरा खाली बोलतो आणि मंडळी गाणं चालत सुरू करतात ते मागे कुत्रं लागल्यासारखं संपवतात. हळूच सांगितलेलं चारी स्पीकरमधून बाहेर आलं. ज्याने जन्मभर कानांवर पोट भरलं, त्याला आपल्या हातातला माईक चालू आहे हे ऐकू येऊ नये, यापेक्षा मोठी शिक्षा तुम्ही मला काय देणार?

देवाने मात्र दिली, चारच दिवसांत. दसऱ्याला सगळ्या घरांत हत्यारं पुजली, कोयता, विळी, टेम्पो. आमच्या सोनाबाईने विचार केला की यांचं हत्यार हेच. मी आंघोळीला गेलोय हे बघून तिने पियानोचं झाकण उघडलं, बावन्न पांढऱ्या पट्ट्यांवर बावन्न हळदीकुंकवाची बोटं ओढली (काळ्यांवर उठून दिसत नाही म्हणून त्यांना नुसतं फूल) आणि मूठभर अक्षता मनोभावे वाहिल्या. दुसऱ्या दिवशी सात पट्ट्या खाली गेल्या त्या वर येईनात. मुंबईचा कारागीर म्हणाला, तांदूळ काढायला मी समुद्र ओलांडत नाही. तेव्हा तुमची कीबोर्डवाली तेजस्वी रंगवायचा ब्रश घेऊन आली आणि म्हणाली, "काका, आमच्या कीबोर्डात दर हळदीला अर्धा किलो हळद जाते. हे तं काहीच न्हाय." तासाभरात तिने सगळे दाणे काढले. मग पट्ट्या चालतात का बघायला म्हणून बसली आणि मी महिनाभर खिडकीत वाजवत होतो तो तुकडा तिने नुसता ऐकून वाजवला. तीन-तीन बोटांनी, डाव्या हाताला हळदीचा ठेका. दोन ठिकाणी चुकली. त्यातल्या एका ठिकाणी मीच महिनाभर चुकत होतो.

तेव्हापासून ती रोज दुपारी माझ्याकडे येते हे तुम्ही ओट्यावरून बघताच. अडवलं नाहीत, हा तुमचा मोठेपणा. बोटं तिला मी दिली, पण ताल तुमचाच, त्याला हात लावायची माझी छाती नाही. फक्त एक गोष्ट तिला येईना, ती म्हणजे थांबणं. बेंजोत गाणं संपत नाही, पुढच्या गाण्यात शिरतं. त्यामुळे दोनशे वर्षांपूर्वीचा गंभीर तुकडा शेवटाला आला की तिचे हात आपोआप नवरदेवाच्या गाण्यात जायचे आणि ती मागे वळून वरातीचा टेम्पो पुढे घ्यायची खूण करायची. चार महिने मी तिला नुसतं थांबायला शिकवलं. आता थांबते. इतकी छान थांबते की सोनाबाईसुद्धा भाकरी थापायची थांबते.

बाकी इकडे सर्व ठीक. वाल पेरलेत. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा,
दत्तात्रेय

ता. क. लिहायचं राहिलं. येत्या रविवारी सकाळी नऊला मुंबईत तेजस्वीची परीक्षा आहे. पास झाली तर तिथल्या संगीतशाळेत लहान मुलांना शिकवायचं काम आणि पुढचं शिक्षण दोन्ही मिळेल. वयाची अट अशी की पुढच्या वर्षी बसून उपयोग नाही. आणि शनिवारी रतनशेटकडे हळद आहे, तुमची बेंजो आहे, म्हणजे उजाडेपर्यंत ती उभ्याने वाजवणार आणि सुजलेली बोटं घेऊन मांडव्याची पहिली बोट धरणार. मी म्हटलं, दादाला सांग ना. तर म्हणते, "पयला कीबोर्ड येसाजीकाकांनी हातात दिला. त्यांना न्हाय कसं म्हणू?" ती म्हणणार नाही. म्हणून मी विचारतोय, शनिवारी तिला सोडाल का?

दुसरा ता. क. हळद कीबोर्डशिवाय उभी राहत नाही, हे मला माहीत आहे. तिच्या जागी मी येतो. वर्षभर खिडकीतून तुमची तालीम ऐकून अकरा गाणी बसलीत, बारावं वहिनी गुणगुणतात त्यावरून बसवतोय. एक खुर्ची लागेल. आणि मला थांबायची खोड आहे. गाणं संपलं की मी हात मांडीवर ठेवून बसेन, तेव्हा धर्माने कोपर मारावं.

तिसरा ता. क. तिसऱ्या गाण्याला ताशा पळतो. पळू दे. मी त्याच्या मागे पळेन. लेखी उत्तराची तसदी घेऊ नकोस, दादा. उद्या पहाटे ओट्यावर आलास की, होकार असेल तर, दोनदा खोक. मी जागा असेन.