वाटणीपत्रावरची निळी शाई

प्रिय अण्णा,

तुमच्या वर्षश्राद्धाला मी रहिमतपूरला येणार नाही. पिंड बापूकाका ठेवतील. मला त्यांच्याशेजारी बसणं जमणार नाही, आणि का, हे तुम्हालाच सांगायला हवं.

गेल्या आठवड्यात ते पुण्याला माझ्या प्रयोगशाळेत आले. हातात वाटणीपत्र. विहिरीकडचं शेत तुम्ही बारा वर्षांपूर्वी त्यांना लिहून दिलंत म्हणे. खाली तुमची सही. आत्या विधवा होऊन माहेरी आल्यापासून तेच शेत कसते. तिला उठवायला काकांनी साताऱ्याच्या कोर्टात दावा लावलाय.

"ह्यो कागुद कोर्टात द्याचा हाय. त्ये शाई तपासत्यात म्हणं. तू आदी बग की, जुनी दिसतीया न्हवं?"

कागद चांगला पिवळा होता. पण घडीच्या आतही तेवढाच पिवळा! घडी घालून ठेवलेला जुना कागद आतून उजळ राहतो. मी हुंगला. गुऱ्हाळाचा धूर. उलगडून चुलवणावर धरला असणार, पापड भाजावा तसा.

काकांना विचारून सहीच्या शेवटच्या रेघेवर द्रावणाचा थेंब सोडला. दुसरा थेंब, त्याच वर्षी तुम्ही फौजेच्या छावणीतून मला वसतिगृहावर पाठवलेल्या पत्रावर. शाई तीच, निळी-काळी. तुम्ही दुसरी कधी वापरलीत? पत्रातली अक्षरं जागची हलली नाहीत. सही निळी होऊन पसरली. जुनी शाई कागदात मुरून बसते, अलीकडचीच अशी पसरते.

"म्हंजी?"

"सही अण्णांचीच. पण गेल्या वर्षीची, मिरजेच्या दवाखान्यातली." अर्धांगानंतरच तुमच्या रेघा अशा थरथरू लागल्या होत्या.

"मग? त्येनंच केलीया की! आता बापाला खोटा पाडतीस व्हय गं?"

तुम्ही वाचलं होतंत का ते? की उशाशी धाकटा भाऊ बसलाय, एवढंच पाहून सही केलीत? मी खाली औषधं आणायला गेले होते, तेव्हा का? शाईचं वय मला काढता येतं, हे कशातून काढू? आता कुठलाही कागद भिंगाखाली घेतला की तुमचा हात दिसतो. मी तो धरायला जाते, तोवर सही झालेली असते.

आत्याने एकच विचारलं, "पोरी, अण्णा मला उठीव म्हणला आसंल का गं?"



मुलगी असल्यामुळे तपासणीचा अहवाल मला देता येणार नाही. तो दुसरं कोणी देईल. मी आत्याच्या बाजूने साक्षीला उभी राहीन. सही तुमची आहे, हे सांगेन. ती केव्हाची आहे, हेही सांगेन. तुम्हाला वाचवायला, तुम्ही ते वाचलंच नव्हतंत असा, पदरचा एकही शब्द घालणार नाही, अण्णा. हे वचन.

तुमची,
शालन