व्हिडिओतला चहा

ती. आईला नमस्कार, आणि हे पत्र बाबांना दाखवू नकोस.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. घरचा फोन बाबाच उचलतात, म्हणून लिहिते आहे.

आमच्या कंपनीचं ब्लडप्रेशर मोजायचं यंत्र तुम्हाला पाठवलं, त्यासोबतचा व्हिडिओ मीच केलाय. साहेब म्हणाले होते, "वाचतंय कोण? शब्द काढ, नुसतं दाखव." मी दाखवलं. खुर्चीत बसलेले काका, दंडाला पट्टा, शेजारी टेबल. टेबल ओकंबोकं दिसत होतं, म्हणून त्यावर वाफाळता चहा ठेवला. तेवढीच शोभा!

काल काही गिऱ्हाइकांना बोलावून व्हिडिओ दाखवला आणि यंत्र हातात दिलं. तर एक आजी म्हणाल्या, "आधी चहा आणा की!" बाकीच्यांनीही माना डोलावल्या. चहा पिऊनच मोजायचं, असं सगळ्यांना वाटलं होतं. मी हसले आणि हसता हसता तुमच्याकडचं यंत्र आठवलं. चहाने प्रेशर चढतं, आई.

आता काही सुचेनासं झालंय. साहेब म्हणतात, पाण्याचा ग्लास ठेव. मग लोक पाणी पिऊन बसतील? काय दाखवायचं, काय झाकायचं?

तू कळवलंस, बाबांचा आकडा हल्ली रोज वर येतो. खरं सांग, मोजण्याआधी त्यांना चहा देतेस का? उद्या न देता मोज आणि लगेच कळव. माझं काम चुकलेलंच निघू दे, असं आयुष्यात पहिल्यांदा मागते आहे.

तुझी,
धाकटी