भूमला राहिलेले घोडे

उमरगा

प्रिय दादा,

आज गोफणवाल्यांचं पार्सल आलं, म्हणून लिहायला बसले. तुझे दाजी दुकानात आहेत. हल्ली हायवेला ट्रक इतके वाढलेत की टायर आणि स्पेअर पार्टच्या गडबडीत ते दुपारी जेवायलाही घरी येत नाहीत. तेवढ्यात पार्सल फोडलं, एकेक शिपाई उलटापालटा करून बघितला आणि सगळे ज्वारीच्या कोठीत ठेवून दिले. बोटाच्या पेराएवढी ती खेळातली माणसं. लग्न झाल्यापासून दाजींनी त्या कोठीत कधी डोकावलेलं नाही, त्यामुळं माझं सैन्य तिथं सुखरूप आहे.

हो, माझं सैन्य. सिकंदर मेल्यावर त्याच्या सरदारांनी राज्यं वाटून घेतली आणि एकमेकांशी लढत बसले, त्या काळातलं. म्हणजे तुझंच. तू जिथं सोडलंस तिथून मी ते पुरं करतेय आणि येत्या भाऊबीजेला, तुम्ही दोघं दरवर्षी टेबलावर फासे टाकून लढायचात तसंच, दाजींच्या रोमन फौजेवर घालणार आहे.

तुझ्या तेराव्याला काय झालं ते तुला कोण सांगणार? मीच सांगते. पंगत बसली होती. दाजींच्या शेजारी त्यांचे बाजारातले मित्र होते, तेच, जे गेल्या भाऊबीजेला आमच्या हॉलमध्ये तुमची लढाई बघायला जमले होते. मी पाण्याचा जग घेऊन त्यांच्यापर्यंत आले तेव्हा दाजी म्हणत होते, "गुरुजी लई सरळ माणूस. पोरांना जगातल्या समद्या लढाया शिकवल्या, पर सोताला एक बी जिंकता आली न्हाय." सगळे हसले. तुझ्या तेराव्याच्या पानावर बसून हसले, दादा. जग त्यांच्या डोक्यात घालावा असं वाटलं. मी ग्लास भरले आणि पुढं गेले.

त्या दिवसापासून माझ्या पोटात राग आहे आणि तो कमी होत नाही. खरं सांगू? कमी व्हावा असं मलाही वाटत नाही.

हरणाऱ्याचा सेनापती जिंकणाऱ्यानं ठेवायचा, हा नियम दाजींनीच काढलेला. गेल्या वर्षी तुझा लाल झग्याचा सेनापती त्यांनी नेला आणि दुकानाच्या काउंटरवर पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवला. गिऱ्हाइकानं विचारलं की ते सांगतात, "आमच्या मेव्हण्याचा हाय. कैदी." तू गेल्यावर तरी काढतील असं वाटलं होतं. अजून तिथंच आहे. त्याच्यावर ऑइलचे डाग पडलेत.

पुढच्याच महिन्यात भूमची तुझी खोली रिकामी करायला गेले. पुस्तकं शाळेला दिली, भांडी घरमालकिणीला. माळ्यावर मिठाईचे दोन खोके निघाले, आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेले. उघडले तर घोडेस्वार! रंगवलेले, झग्यांच्या काठाला पिवळी रेघ, प्रत्येक घोड्याच्या कपाळावरचा पांढरा पट्टा वेगळा. दोन्ही बाजू भरून जाव्यात इतके. मी तुला दर दिवाळीला विचारायचे, दादा, तू घोडे का घेत नाहीस? तू म्हणायचास, "परवडत न्हाईत गं, सुमे."

तेव्हा मला लढाईतलं काही कळत नव्हतं. मग तुझं त्या खेळाच्या नियमांचं पुस्तक वाचायला घेतलं. त्यात अगदी सुरुवातीलाच दिलंय की लांब भाल्यांची तुझी ती भिंत समोरून कुणाच्या बापाला फुटत नाही, पण तिला पटकन वळता येत नाही. शत्रू बगलेत शिरला की खेळ संपला. म्हणून दोन्ही बगलांना घोडे हवेत. हे तुला माहीत नव्हतं? शाळेत फळ्यावर हेच काढून दाखवायचास ना?

तू दरवर्षी घोडे भूमला ठेवून एसटीत बसायचास आणि उघड्या बगलेचं सैन्य घेऊन माझ्या दारात उतरायचास. मुलीकडचा माणूस तू. जावयाला त्याच्याच घरात, त्याच्याच मित्रांसमोर कसं हरवायचं? तू जिंकलास तर राग माझ्यावर निघेल असं वाटलं ना तुला? तुझा अंदाज चुकीचा होता असं मी म्हणत नाही. सुरुवातीची वर्षं तू पाहिलीच आहेस. पण मला एकदा विचारायचंस तरी! मी सांगितलं असतं की आण घोडे, बघू काय होतं ते. माझ्या नावावर तू इतकी वर्षं स्वतःचं हसं करून घेतलंस, आणि मी तिथंच उभी राहून चिवडा वाढत होते. याचा राग तुझ्यावर आहे, आणि तो वेगळा ठेवलाय.

आता खरेदीचं ऐक. ऑनलाइन बघायला गेलं की उघड्या छातीचे, मोठ्या गोल ढालींचे देखणे भालेवाले आधी दिसतात. ते घेतले नाहीत. ते आधीच्या काळातले, तू त्यांच्यावरून किती चिडायचास ते आठवतंय. घोड्यांचं काम तू करूनच ठेवलंयस. मला हवे होते लांबून मारणारे. तिरंदाज स्वस्त होते, पण मी गोफणवाले शोधले. आपल्या गावी, ईटला, ज्वारीत माळ्यावर उभं राहून पाखरं राखलीत आपण, गोफण मला कुणी शिकवायला नको. एका कंपनीचे शिपाई पाय असे रोवून उभे होते की दगड त्यांच्याच कानशिलात बसला असता. ते परत पाठवले. आजचे बरोबर आहेत, डावा पाय पुढं, कंबर वळलेली. त्यांचं पहिलं काम ठरलंय, दाजींचा सेनापती टिपायचा.

हत्ती एकच घेतला. त्याच्यावरचा माहूत कुठल्या तरी जादूगारासारखा पगडी घालून बसला होता. त्याला मी धोतर रंगवलं.

परवा जेवताना दाजींना म्हटलं, "यंदा दादाच्या जागी मी बसते." ते हसतच सुटले. "तू? घोडं कुठलं, गाढव कुठलं, ते तरी वळखू येतंय का?"

"येतंय की. दोन्ही पाहिलीत," मी म्हटलं.

मग अट घातली. मी जिंकले तर सेनापती काउंटरवरून काढून मला द्यायचा, आणि तेराव्याला जे बोललात ते त्याच मित्रांना बोलावून त्यांच्यासमोर परत घ्यायचं. दाजींचं हसू जरा कमी झालं, पण "बरं" म्हणाले. घोड्यांचं अजून सांगितलेलं नाही. तोंडानं सांगितलं तर म्हणतील, मेलेल्या माणसाच्या नावावर काय बी खपतं. ते टेबलावरच बघू देत. तुझ्या हातचे रंग त्यांना ओळखू येतील, तेवढी नजर त्यांना आहे. तू काय करत होतास ते त्यांना त्या क्षणी कळेल, आणि तेव्हा मला त्यांचं तोंड बघायचंय.

शब्द देते, दादा. जिंकेनच असं म्हणत नाही, कारण दाजी खेळतात बरे, आणि मी अजून फासे टाकताना घाबरते. पण तुझ्यासाठी ते जावई होते. माझे नुसते नवरे आहेत. मला त्यांचा मान राखायचा नाही, त्यांची डावी बगल फोडायची आहे. यंदा हरले तर पुढच्या भाऊबीजेला बसेन, तेव्हाही हरले तर त्याच्या पुढच्या. मात्र माझ्यासाठी म्हणून कुणी मुद्दाम हरायचं, हे या घरात आता बंद.

तुझी,
सुमी