शुभाचं कार्ड

८ फेब्रु. ८८, सोम.
शुभाचं कार्ड मंजूर, बँकेच्या काँप्युटरमध्ये बसवायचं, खाती कुणी चोरून वाचू नयेत म्हणून. माझी योजना नाही. मेहतासाहेबांनी आम्हा नवरा-बायकोला एकत्रच केबिनमध्ये बोलावून सांगितलं. वेगवेगळं सांगितलं असतं तर इतकं लागलं नसतं.
माझं म्हणणं, पासवर्ड प्रोग्रॅममध्ये ठेवा, स्वस्तात काम. शुभा म्हणाली, "दुसऱ्या फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं की संपला तुझा पासवर्ड. कुलूप मशीनच्या आत पाहिजे." बरोबर आहे तिचं. साहेबांसमोर बरोबर होतं, तेच नको होतं.

११ फेब्रु., गुरु.
आज तिने सगळ्यांना समजावलं. हार्ड डिस्कवर काहीही जायच्या आधी कार्ड ते कालवून टाकणार, वाचताना परत सरळ करणार. कार्ड उपटून नेलं तर डिस्कवर नुसता कचरा. झकास आहे. मला का नाही सुचलं? कॉलेजात हिला सर्किटं मी शिकवली.
मला टेस्टिंग दिलंय. बायकोने बनवायचं, मी फोडून बघायचं. कँटीनमध्ये डिसोझा म्हणाला, "घरी पण तीच बॉस काय रे?" हसलो. चहा तसाच टाकून उठलो.

१४ फेब्रु., रवि.
आईने शेजारच्या काकूंना बोलावून सांगितलं, "सून माजी काँप्युटराक कुलूप लावता." मग मला, "आणि तू काय करतंस रे?"
म्हटलं, "ता कुलूप फोडूचा काम माझ्याकडे."
"मेल्या, बायकोचा कित्याक फोडतंस?"
शुभा इतकी हसली की डोळ्यांत पाणी. मीही हसलो, पण उशिरा.

१७ फेब्रु., बुध.
सापडलं.
दोन मशीन, दोन कार्डं, दोन वेगळे पासवर्ड. एकाची डिस्क काढून दुसऱ्यात लावली, दुसऱ्याचा पासवर्ड दिला. उघडली. सगळं स्वच्छ वाचता येतंय. म्हणजे कालवायची किल्ली दोन्ही कार्डांत एकच. पहिल्या चिपमध्ये जे भरलं तेच दुसरीत उतरवलंय. उद्या कुणीही बाजारातून एक कार्ड घेईल आणि कुठल्याही बँकेची डिस्क वाचेल.
आधी काय वाटलं? आनंद झाला. खोटं कशाला लिहू.
घरी गवार मोडत बसलो होतो. तिने विचारलं, "सापडलं काही?"
"बघतोय."
"तू बघतोयस म्हणून मी निर्धास्त आहे."
बँकेची माणसं कार्ड बघायला शनिवारी येणार.

१८ फेब्रु., गुरु.
सकाळी आधी मेहतासाहेबांकडे गेलो. दोन्ही मशीन लावून दाखवली. त्यांनी स्वतः डिस्क बदलून बघितली. मग, "शुभाला माहीत आहे?"
"अजून नाही."
शाबासकी येईल असं वाटलं होतं. त्यांनी फोन उचलून तिला बोलावलं. तिने सगळं ऐकलं, डिस्क हातात घेतली. माझ्याकडे न बघता विचारलं, "कधी सापडलं?"
"काल."
"बरं," म्हणाली आणि डिस्क घेऊन गेली.

१९ फेब्रु., शुक्र.
बँकेकडे पुढची तारीख मागितली. घरी ती आईशी बोलते, माझ्याशी कामापुरतं. भांडली असती तर बरं. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "गवार मोडताना सांगायला किती वेळ लागला असता?"


२६ फेब्रु., शुक्र.
तिने नवीन केलं. मशीन पहिल्यांदा लावताना कार्ड माणसाला सांगतं, मनाला येईल ते टाइप कर. दोन अक्षरांमध्ये किती वेळ गेला ते मोजतं आणि त्यातून किल्ली बनवतं. प्रत्येक कार्डाची वेगळी. तिलाही माहीत नसते. माझी डिस्क बदलायची युक्ती पाच वेळा करून बघितली. कचरा.
साहेब उठून उभे राहिले. तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "दोष यांनी शोधला म्हणून हे झालं." ऑफिसात 'यांनी'. टाळ्या वाजल्या, मलाही थोड्या. वाट लागली असती तिची, तर मी तिला सावरलं असतं. तसं काही झालं नाही. उलट साहेबांच्या नजरेत ती आणखी वर गेली.

४ मार्च, शुक्र.
बँकेने घेतलं. सोमवारपासून खरी खाती त्या डिस्कवर. तिने एक जादा कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं. "फोड. सापडलं तर आधी कुणाला सांगायचं, ते आता ठरवून ठेव."

६ मार्च, रवि.
जेवताना डोक्यात आलं. ती किल्ली कार्डात टिकते कशावर? छोट्या सेलवर. मशीन बंद असताना तोच ती जपतो. सेल आज ना उद्या संपणार. मग किल्ली गेली आणि बँकेला स्वतःचीच खाती कधी वाचता येणार नाहीत. चोर बाहेर, मालकही बाहेर.
तिने विचार केला असेल? कदाचित केला असेल, मीच मूर्ख ठरेन. नसेल केला तर...
आई शेजारी गेलीय. शुभा गॅलरीत वाळलेले कपडे काढतेय. हाक मारली.
"काय रे?"
"काही नाही. झालं की ये."
"येते."
मी बसलोय. साहेब उद्या लवकर येणार आहेत, बँकेत जायच्या आधी; त्यांना एकट्याला गाठता येईल. ती अजून कपडेच काढतेय.