पुढची ओहोटी

काशीद, १९३४

चि. मार्तंड,

तुझ्यामागोमाग जुने गडी मुंबईला गेल्यापासून आपला फुटबॉल संघ कोवळ्या पोरांवर आहे. एकदा जिंकतात, तीनदा हरतात. काल हरलो तर संघ मोडायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

पुळणीवरचा खेळ ओहोटीला सुरू होतो आणि भरतीचं पाणी सुपारीच्या खांबाला लागेपर्यंत चालतो; पाणी लागल्याची हाक द्यायचं काम तू मला दिलेलं. आपण एका गोलने पुढे होतो. मी डोळे मिटून ओरडले, "पाणी लागलं!"

आपल्याच गोलात उभा रघू हसला. "ताई, पानी अजून चार हात लांब हाय. खेला रं!"

पाणी खांबाला लागेपर्यंत आपल्यावर दोन गोल झाले.

हे खोटं तुला कळवायची लाज वाटते, म्हणून हे पत्र टपालात न टाकता माझ्या कपड्यांच्या पेटीतच ठेवीन. पण हरलेली पोरं ओल्या वाळूत उतरलेल्या आभाळावरून चालत आली, आणि रघूने विचारलं, "ताई, पुढची ओहोटी कधी?"

तुझी थोरली,
कुमुद