पाच वाजताचा प्रकाश

प्रिय ताई,

हे पत्र सावकाश, एका जागी बसून वाच. तुला फोन करायचा म्हणून तीनदा नंबर लावला आणि तिन्ही वेळा तू उचलायच्या आत बंद केला. 'काय रे, खेळ लावलायस का?' असा तुझा निरोप आला, त्यावर मी हसरा चेहरा पाठवून सुटलो. हसू कुठलं यायला!

गेल्या आठवड्यात मी पुन्हा त्या जलतरण तलावावर गेलो होतो. तीन वर्षांपूर्वी तुझी लेक, आपली मासोळी, जिथे शर्यत हरली, तोच. पुढच्या महिन्यात तिथे मोठ्या स्पर्धा आहेत आणि चित्रीकरण माझ्याकडे आलंय. तुला आमचं काम ठाऊक आहे. खेळ टिपायचा तर आधी अनोळखी जागा पायाखाली घालावी लागते. कुठला खांब आडवा येतो, माणसं कुठे उभी राहतात, वीज कुठून घ्यायची, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कुठल्या वेळेला उजेड कुठून पडतो. हे मला कोणी शिकवलं? तुझ्या सासऱ्यांनी. तुझं लग्न झालं तेव्हा मी नुसता उंडारत होतो. 'सुनेचा भाऊ म्हणजे घरचाच,' म्हणून अण्णांनी खांद्यावर कॅमेरा ठेवला, आणि पहिला धडा दिला तो एकच: खेळ ज्या वेळी, पाहणी त्याच वेळी. सकाळी बघितलेली जागा संध्याकाळी आपली नसते.

तीन वर्षांपूर्वी त्या तलावाची पाहणी करायला मीच गेलो होतो. अण्णांचा गुडघा सुजलेला, म्हणून मला एकट्याला पाठवलं. अकरा वाजता पोचलो, तिथल्या व्यवस्थापकाबरोबर एक फेरी मारली, दोन कप चहा प्यायलो. अंतिम शर्यती संध्याकाळी पाचला होत्या. 'पाचला परत येऊन बघतो,' असं त्याला सांगितलं, लॉजवर गेलो आणि ताणून दिली. जागा झालो तेव्हा साडेसहा वाजले होते. कागदावर लिहून टाकलं: 'संध्याकाळचा प्रकाश उत्तम.' स्पर्धेच्या दिवशी अण्णा आले, शेवटच्या भिंतीच्या वरती आपला कॅमेरा लावला आणि खाली वाकून मला विचारलं, 'पाचचा उजेड बघितलास ना रे?' मी म्हटलं, 'बघितला, अण्णा.' त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता.

पुढचं तू प्रेक्षकांत बसून पाहिलंस. संध्याकाळची पहिलीच शर्यत. मासोळी आणि ती उंच मुलगी, दोघींचे हात एकदमच भिंतीला लागले. पंचांत दोन तट पडले, तेव्हा चित्रण बघायचं ठरलं. आणि पडद्यावर काय, तर नुसता पांढरा झोत. पश्चिमेच्या उंच खिडकीतून ऊन थेट पाण्यावर आणि पाण्यावरून थेट लेन्समध्ये. शेवटच्या चार सेकंदांत ना हात, ना भिंत. निकाल मुख्य पंचांच्या अंदाजावर लागला. त्यातून पुढच्या प्रशिक्षण शिबिराला एकच मुलगी जाणार होती, ती दुसरी गेली.

त्यानंतर पंचांच्या खोलीत काय झालं, ते तुला कुणी सांगितलेलं नाही. संयोजक माझ्यावर ओरडत होते, 'पाहणी केली होती की नाही?' आणि माझ्या तोंडून निघालं, 'पाहणी केलीय हो. पण आता अण्णांना पूर्वीसारखं दिसत नाही. उजेड सावरायला हात वेळेवर चालला नाही.' अण्णा माझ्या मागेच, दारात उभे होते. मला वाटलं, आता कान धरतील. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि म्हणाले, 'असेल. माझंच चुकलं असेल.' ताई, त्यांनी मला वाचवलं नाही. त्यांना ते खरंच वाटलं. मी पाहणी केली नसेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही, म्हणून मग आपल्या डोळ्यांवर संशय घेण्यावाचून त्यांना दुसरं काही उरलं नाही.

आणखी एक सांगतो, म्हणजे लाज सगळीच सांगून होईल. त्या खोलीतून बाहेर पडल्यावर मी रखवालदाराला हळूच सांगून त्या खिडकीचा पडदा ओढून घेतला. पडदा होता! नुसता सांगायचा अवकाश होता. पुढच्या साऱ्या शर्यती स्वच्छ आल्या. म्हणजे कारण मला त्याच संध्याकाळी कळलं होतं.

नंतर तू अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलंस. वयाच्या मानाने नजर छान आहे, असं ते म्हणाले, तर तू मला म्हणालीस, 'डॉक्टरांना त्या कामातलं काय कळतंय?' मी मान डोलावली. अण्णांनी कॅमेरा कपाटात ठेवला तो ठेवलाच. तुझ्या घरी जेवताना मासोळी आजोबांशेजारची खुर्ची सोडून पलीकडे बसायची, आणि मी समोर बसून मिटक्या मारत दुसऱ्यांदा वाढून घ्यायचो. माझी मजल कुठवर गेली होती, बघ.

या खेपेला मी तलावावर तीन दिवस काढले. रोज पाचला अण्णांच्या जागेवर उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी आभाळ मोकळं होतं. ऊन पाण्यावर आलं आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारीच आली. मी चाळिशीचा, चष्मा नाही, तरी चार सेकंद काही दिसलं नाही. कुणालाच दिसलं नसतं. तिथेच कठड्याला धरून खाली बसलो.

तरीही कदाचित लिहिलं नसतं. माझा मला भरवसा नाही. पण परवा सकाळी मासोळीचा फोन आला. आता ती शिकायला दुसऱ्या गावी निघणार, म्हणून अण्णांनी तिला जवळ बोलावलं आणि नातीपुढे हात जोडले. म्हणाले, 'माझ्या डोळ्यांनी तुझं नुकसान केलं, पोरी, मला माफ कर.' ती म्हणाली, 'मामा, मी माफ केलं म्हटलं, तर आजोबा जास्तच रडायला लागले. आता मी काय करू?' मी आवाज येत नाही असं सांगून फोन ठेवला. तेव्हापासून तुला फोन लावतोय. ती निघायच्या आत हे पत्र तिच्यासमोर अण्णांना मोठ्याने वाचून दाखव. माझ्यासाठी रदबदली करू नकोस. असंच एक पत्र संयोजकांनाही आज टाकलंय, काम राहील न राहील. मी रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. मला घरात घ्यायचं की नाही, ते अण्णांनी ठरवावं. मी पायरीवर थांबेन.

तुझाच, पण तुला तोंड दाखवायची लाज वाटणारा,
धाकटा