लाल शिंगांची सात

आप्पा, साठी उलटल्यावरही माणसाला बापाचा ओरडा बसतो, हे काल कळलं. धाकट्याच्या विहिरीवरची मोटर पाणी संपलं की आपोआप थांबावी म्हणून मी त्याला चिपचा एक डबा करून दिलाय. आधीची मोटर कोरडी फिरून जळाली, ही कोरी करकरीत. "ताई, ही पण जळाली तर तुझा डबा विहिरीत टाकीन बघ," असं त्यानं बजावलेलं. आणि चाचणीत मोटर थांबेचना! शेवटी मीच धावत जाऊन बटण दाबलं.

घरी येऊन प्रोग्राम उघडला. या चिपमध्ये दोन मेमऱ्या असतात, एक कायमची आणि एक कामापुरती, आणि दोन्हींचे पत्ते शून्यापासूनच सुरू होतात. पाणी कुठवर उतरलं की थांबायचं, तो आकडा मी कायमच्या मेमरीत ठेवलेला. सी भाषेत वाचताना मात्र नुसता पत्ता दिला, मेमरी कोणती ते सांगितलंच नाही. चिपनं मुकाट्यानं दुसरीतल्या त्याच पत्त्यावरचा कचरा उचलला. पत्ता बरोबर, माल भलताच! आणि एकदम माझ्या लहानपणीचा साखर कारखान्याचा गाडीतळ आठवला.

तुम्ही तिथं उसाच्या गाड्यांना हाक देता. पाथर्डीकडच्या ऊसतोड्यांच्या दोन टोळ्या आल्यात, दोघींच्या गाड्यांचे नंबर एकपासून; एकीच्या बैलांची शिंगं लाल रंगवलेली, दुसरीच्या हिरवी. तुम्ही पाणी प्यायला गेलात आणि मी हौसेनं बोंबलते, "सात नंबर!" झालं, दोन सात नंबर एकदम वजनकाट्याकडे निघतात, चाकात चाक अडकतं, बैल फुरफुरतात, गाडीवाले एकमेकांच्या अंगावर. तुम्ही धावत येता. "नुसता नंबर काय वरडतीस? आदी शिंगं सांग! लाल शिंगांची सात, हिरव्या शिंगांची सात!" मी फुरंगटून म्हणते, नवे नंबर का देत नाही? "त्यांचा नंबर त्यांच्या सवयीचा हाय. आपुन कशाला बदलायचा?"

मग काय, आकडा कायमच्या मेमरीतूनच वाच, असं स्पष्ट लिहिलं. आज पाणी उतरलं आणि मोटर गपकन थांबली. धाकटा चक्क नाचला, मीही टाळ्या पिटल्या. तुम्हाला सांगायला म्हणून वळले, आणि तुमच्यावरच चिडले. एवढी काय घाई होती जायची? हे पत्र मी कुठंच टाकणार नाही. राग मात्र अजून गेलेला नाही, आप्पा.